डेल्समधलं जुनं दगडी घर दुरुस्त करताना या चुका टाळा

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या भागातल्या गावांत सतराव्या शतकातली दगडी घरं आजही राहती आहेत. पावसापेक्षा घाईच्या दुरुस्तीनेच ती जास्त बिघडतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरणं. भिंत साधारण दोन फूट जाड: आत-बाहेर दगडाचे दोन थर, मधे गोट्यांचा भराव आणि दोन्ही थर बांधून ठेवणारे लांब आडवे दगड. शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून वाळून बाहेर पडतं. सिमेंट ती वाट बंद करतं. पुढचं ठरलेलं असतं. पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, मालक सिमेंट भरून घेतो, पहिला उन्हाळा बरा जातो. मग सिमेंटच्या कडेने केसाएवढ्या भेगा पडतात. पाणी आत जातं आणि तिथेच अडकतं. थंडीत ते गोठलं की वाळूदगडाचे पापुद्रे सुटतात. भिंतीत टेकलेलं तुळईचं टोक कुजू लागतं. त्यावर कुणीतरी आतून जलरोधक रंग सुचवतो, म्हणजे उरलेली वाटही बंद!

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा. ग्राइंडरने चिऱ्यांच्या कडा कापल्या जातात, त्या परत येत नाहीत. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिमी खोल मोकळी करून भिजवा. मग भरायला एक भाग एनएचएल 3.5 चुन्याला (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना; आकडा लहान तितका तो मऊ) अडीच ते तीन भाग खरखरीत, लहानमोठ्या कणांची वाळू. दगड मऊ असेल तर एनएचएल 2 बरा. दरज दगडाच्या किंचित आत ठेवा, जराशी घट्ट झाली की ताठ ब्रशने ठोका आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावा. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर थांबा. दोन दिवसांत आटपून देतो म्हणणाऱ्याला हे काम देऊच नये.

दारावरच्या दगडातलं साल म्हणजे घराचं वय, हेही धरून चालू नका. तिथल्या तीन अक्षरांत बहुधा वरचं आडनावाचं, खालची दोन नवराबायकोची. साल लग्नाचं किंवा नव्या दर्शनी भिंतीचं असू शकतं. दगड दुसरीकडून आणून बसवलेलाही असतो. वय ठरवायला आधी खिडक्यांचे दगडी खांब आणि छताच्या कैच्या पाहा.

बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान 150 मिमी खाली हवी.

छताच्या दगडी फरश्या वळचणीला मोठ्या, माथ्याकडे लहान होत जातात. उतरवताना लांबीप्रमाणे वेगळ्या रचा.

घर वारसा इमारतींच्या सरकारी संरक्षित यादीत असेल तर त्याचं स्वरूप बदलणाऱ्या कामाला, अगदी आतल्याही, आधी परवानगी घ्या. 1990 च्या कायद्याने विनापरवाना असं काम हा फौजदारी गुन्हा आहे, यादीतल्या सगळ्यात खालच्या, दुसऱ्या श्रेणीच्या (ग्रेड II) घरालासुद्धा.