आखाजीच्या आधी भरायची पिशवी

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके लागतात, चुलीवर पुरणाच्या मांड्यांसाठी खापर चढतं, आणि ऊन ४५ अंशांकडे निघालेलं असतं. भाजणं, पडणं, ऊन लागणं, सगळं एकाच आठवड्यात. म्हणून रसाचे आंबे आणायच्या आधी प्रथमोपचाराची एक कापडी पिशवी भरून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. कपाटात नको, किल्ली नेमकी मांडे करणारीच्या कमरेला असते.

पण पिशवीच्याही आधी पाणी. मांडा खापरावर टाकताना मनगट चटकलं, की त्यावर २० मिनिटं गार पाणी सोडायचं असतं. आमच्याकडे दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं येतं, नळाखाली हात धरला तर उलट पोळतो. तेव्हा सावलीत रांजण भरलेला असू द्या, तांब्याने ओतत राहा. बर्फ नको. बांगड्या सूज चढायच्या आत काढा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका, फोड फोडू नका. तळहाताहून मोठं भाजलं किंवा तोंडावर भाजलं तर दवाखाना.

पिशवीत ओआरएस हवंच. मागच्या वर्षीची पाकिटं दगड झालेली असतात, तारीख बघा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, म्हणून लिटरची मोकळी बाटलीही ठेवा. तांब्याभर म्हणजे किती यावर घरात एकमत नसतं. थर्मामीटर, गॉज, बँडेज, कात्री, टॉर्च, आणि म्हाताऱ्यांच्या चालू गोळ्यांची नावं लिहिलेला कागद.

पोराचा घोळणा फुटला की आजी मान मागे करून कांदा हुंगवणार. कांदा राहू द्या, मान मात्र पुढे. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळाची १० मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही.

ऊन लागलेला माणूस नीट बोलत असेल तर सावली, ओलं फडकं, घोट घोट ओआरएस. बरळू लागला तर तोंडात थेंबही घालू नका; पाणी अंगावर ओता, पंखा लावा, १०८ ला फोन करा. विंचू चावून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. लेकरू असेल तर काही दिसायची वाटही बघू नका.

१०८ ला सांगायची खूण आजच ठरवा. रावेर-यावलकडच्या मळ्यांत ‘केळीच्या बागेजवळ’ म्हटल्याने गाडी पोचत नाही.