पगारी रजा संपली, आजार संपला नाही: ईएसआयचे पैसे कसे मिळवायचे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माग कामगार असो की गारमेंटमध्ये मशीनवर बसणारी बाई, दुखणं लांबलं की कारखान्याची पगारी रजा बघता बघता संपते. पुढे घर चालतं ते उधारीवर, नाहीतर गळ्यातलं गहाण ठेवून. ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांच्यावर ही वेळ यायला नको. आजारपणातली रोख रक्कम त्यांच्या हक्काची आहे, त्यासाठी ते दर महिन्याला पैसे भरतात. बहुतेकांचं घोडं अडतं ते पहिल्या आठवड्यातल्या कागदांवर.

म्हणून रजा संपायची वाट बघू नका. आजारी पडलात त्याच दिवशी तुमच्या ईएसआय दवाखान्यात जा, तिथून होटगी रोडच्या कामगार विमा रुग्णालयात पाठवलं तर तिकडे जा, आणि कामावर न जाण्याचा पहिला दाखला घ्या. ज्या दिवसाचा पगार मिळतो त्या दिवसाचा लाभ मिळत नाही हे खरं. पण डॉक्टर मागच्या तारखेचा दाखला देत नाहीत. रजेचे पंधरा दिवस घरी काढून सोळाव्या दिवशी गेलात, तर आजाराची सुरुवात कागदावर सोळाव्या दिवसापासून होते. शिवाय नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस बिनपैशाचे जातात. आधीच्या आजाराचा लाभ मिळून पंधरा दिवस व्हायच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर मात्र हे दोन दिवस कापले जात नाहीत.

खासगी डॉक्टरची चिठ्ठी एकटी पुरत नाही. सिव्हिलमध्ये किंवा खासगी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सगळं जपून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी लगेच ईएसआय दवाखान्यात पाठवून कळवा. ईएसआयचं शाखा कार्यालय हे कागद पुरावा म्हणून तपासून घेऊ शकतं, पण आपोआप मंजुरी मिळत नाही.

पात्रतेचा हिशेब असा. वर्षाचे दोन भाग धरतात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरलेल्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणाचा लाभ मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असली पाहिजे. म्हणजे ऑगस्टमध्ये पाय मोडला, तर साहेब बघणार ते ऑक्टोबर ते मार्चची हजेरी. जुलैत तुम्ही किती खाडे केले याचा इथे संबंध नाही. नव्याने लागलेल्या कामगाराला पहिल्या लाभासाठी नोकरी लागल्यापासून नऊ महिने थांबावं लागतं.

पैसे किती? त्या सहा महिन्यांच्या सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के. समजा १५० दिवसांचे ७५,००० रुपये मिळाले, तर सरासरी रोज ५०० आणि लाभ रोज ३५०. तीस दिवसांच्या आजारात पहिले दोन वगळून २८ दिवसांचे ९,८०० रुपये होतात. वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. पगार २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांग कामगाराला २५,०००) असेल तर ईएसआय लागू होतो. कामगाराची कपात पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा वाटा ३.२५ टक्के. ज्यांचा सरासरी रोज १७६ रुपयांपर्यंत आहे त्यांच्याकडून काहीच कापायचं नसतं, तरीही लाभ पूर्ण मिळतो.

पहिल्या दाखल्यानंतर ठरलेल्या तारखेला पुढचा, असं फिट दाखला (कामावर जायला हरकत नाही असा) मिळेपर्यंत चालू ठेवायचं. मध्ये एक आठवडा जरी सुटला, तरी तेवढ्या दिवसांचे पैसे गेले. दाखल्यासोबत फॉर्म ९ हा मागणी अर्ज शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन विमाधारक पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. पैसे थेट बँक खात्यात येतात.

आता अर्ज कुठे फसतात ते बघा. सोलापुरात नेहमीची अडचण नावाची. तेलुगू आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पासबुकावर दुसरं आणि ई-पेहचान कार्डावर (ईएसआयच्या ओळखपत्रावर) तिसरंच. बँक खातं जुळत नाही आणि रक्कम परत जाते. तब्येत धड असतानाच ते दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण दोन विमा नंबरांची. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना नंबर न विचारता नवीनच काढतो, आणि हजेरी विभागली जाते. एका नंबरवर ५०, दुसऱ्यावर ४०, आणि दोन्हीकडे ७८ ला कमी. दोन्ही नंबर जोडण्याचा अर्ज शाखा कार्यालयात करता येतो. तिसरी अडचण सगळ्यात संतापजनक: कपात होते, पण भरणाच होत नाही. दर तीन महिन्यांनी पोर्टलवर वर्गणी तपासा, नाहीतर १८००-११-२५२६ या टोल फ्री नंबरवर विचारा. पगारपत्रक, हजेरी कार्ड हाताशी ठेवा, तक्रारीत तोच पुरावा. ही वर्गणी भरायची जबाबदारी मालकाची आहे, तिचा भुर्दंड कामगारावर पडता कामा नये.

आणि राजीनाम्यावर सही करू नका. 'बरा झाल्यावर परत घेतो' असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही. स्वतःहून राजीनामा दिलात की हे कवच गेलं.

९१ दिवस संपल्यावरही दार बंद होत नाही. टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू, किडनी निकामी होणं, हृदयाचे आणि फुप्फुसाचे काही आजार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभ आहे. दर ८० टक्के, मुदत दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि मागच्या चार वर्गणी काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. तज्ज्ञ डॉक्टरांनी आजाराचं नाव स्पष्ट लिहिलं पाहिजे. 'अशक्तपणा' लिहिलेल्या दाखल्यावर हा लाभ मिळत नाही.

कामावर किंवा कामाला जाता-येता अपघात झाला असेल, तर आजारपणाचा अर्ज करूच नका. तो अपंगत्व लाभ आहे, दर ९० टक्के, आणि तिथे ७८ दिवसांची अट नाही. मालकाला अपघाताची नोंद लगेच करायला लावा. मागाच्या खात्यात वर्षानुवर्षं कापसाच्या धुळीत राहून दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपण कुठल्या खात्यात, किती वर्षं काम केलं ते नक्की सांगा. बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हा कायद्याच्या यादीतला व्यावसायिक आजार आहे.

ईएसआय नसेल तर पीएफ बघा. घरी विड्या वळणाऱ्या अनेक बायकांचा पीएफ कापला जातो. आजारपणासाठी फॉर्म ३१ भरून आगाऊ रक्कम काढता येते, त्यासाठी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) चालू आणि आधार, बँक खातं जोडलेलं हवं. घाईत फॉर्म १९ आणि १०सी भरून खातं बंद करू नका, १०सीने पेन्शनची सेवाच निघून जाते. नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर एक महिन्याची वर्गणी असली तरी पेन्शन मिळू शकते. त्याचा अर्ज १०डी.

कमाई पूर्ण थांबली असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दरमहा १,५०० रुपये, दिव्यांगांना २,५००. शहरातल्यांनी उत्तर सोलापूर तहसीलमध्ये चौकशी करावी. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ५०,०००. इथे बरेच अर्ज पडतात, कारण उत्पन्नाचा दाखला कमावत्या वर्षाचा निघतो. अपंगत्व असेल तर आधी सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, म्हणजे मोठी मर्यादा लागू होते. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये उपचार संपेपर्यंत वेगळे मिळतात. त्यासाठी उपचार केंद्रात बँक खात्याचा नंबर द्यावा लागतो.