शाळेचे अनुदान कमी आले, तर आधी पट तपासा

ठाणे जिल्हा परिषदेच्या, तसेच ठाणे किंवा नवी मुंबई महानगरपालिकेच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वार्षिक खर्चासाठीची एकत्रित रक्कम) कमी मिळाले की बहुतेक जण थेट बँकेत चौकशी करतात. आधी यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीतील पटसंख्या पाहावी, कारण रक्कम तिच्यावरच ठरते.

हे अनुदान ज्या केंद्रीय योजनेतून येते, त्या ‘समग्र शिक्षा’च्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून अधिक पटाला एक लाख रुपये, अशी कमाल मर्यादा आहे. म्हणून २५२ विद्यार्थ्यांच्या जागी २२५ असे आकडे उलटे पडले, तर २५,००० रुपयांचा फटका बसतो. ९८ ऐवजी ८९ पडले, तर रकमेत काहीच फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारात नोंद अवश्य दुरुस्त करावी, पण अनुदानाची तक्रार करण्यात अर्थ नाही.

यू-डायसमध्ये ३० सप्टेंबरचा पट धरतात; म्हणून पडताळणीसाठी त्या दिवसाची हजेरी, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही) आणि शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक समोर ठेवावा. भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणाऱ्या कुटुंबांची मुले या तारखेच्या पटात दिसत नाहीत. माझ्या मते ही निकषाचीच उणीव आहे, परंतु ती लिपिकाची चूक म्हणून मांडल्यास अर्ज कमकुवत होतो.

फरक खरोखर आढळला, तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा आणि नोंदलेला पट, प्रत्यक्ष पट, मिळालेली रक्कम व देय रक्कम एकाच पानावर मांडून मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज करावा. जिल्हा परिषदेच्या शाळेने तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तर महापालिकेच्या शाळेने महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे द्यावा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये; तोंडी आश्वासनाचा पाठपुरावा करता येत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे अर्ज फेब्रुवारीपर्यंत रेंगाळू देऊ नये.

उत्तर न आल्यास पालकांपैकी कोणीही माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मंजुरीची यादी आणि तिला आधार धरलेला पट मागू शकतो. त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

रक्कम जादा आली असेल, तरीही हाच अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत जादा भागाला हात लावू नये.