धांड्याची माशी करा, मग म्युटेशन शिकवा

दिवाळीच्या सुमारास आमच्या वरूड भागात आंबिया बहाराची तोड सुरू झाली की बांधावर सडक्या संत्र्यांचे ढीग लागतात अन् त्यांवर चिलटं घोंगावतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. असाच एक ढीग पाहून आठवीतल्या एका पोरीनं विचारलं होतं, "मॅडम, फुलपाखराले चार पंख, मंग चिलटाले दोनच काहून?" तिला समजावता समजावता हा धडा तयार झाला.

आधी नावाचा गोंधळ मिटवा. शेतकरी जिला फळमाशी म्हणतो, ती झाडावरच्या फळाला डंख करून अंडी घालते, ती वेगळी. प्रयोगशाळांत वाढवतात ती ड्रॉसोफिला म्हणजे आपलं सडक्या फळावरचं चिलट. लाल डोळे, लांबी जेमतेम तीन मिलिमीटर.

बरणीत पिकल्या केळाची फोड टाका, तोंडावर कागदाचं नरसाळं बसवा. चिलटं जमली की फडकं बांधून बरणी दहा मिनिटं बर्फावर ठेवा. ती सुस्तावतात, मरत नाहीत. आत कोरडा कागद मात्र हवाच. पहिल्या खेपेला माझ्या बरणीत दव सुटलं, चिलटं पंखांसकट काचेला चिकटली, अन् मला फार वाईट वाटलं.

पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगातून पाहा. पंखाच्या बुडाशी, जरा मागे, देठावर बसलेली बारीक फिकट गाठ दिसेल. हा हॉल्टियर. उडताना तो पंखाच्या उलट्या दिशेनं हलतो आणि शरीर कुठे कललं ते माशीला कळवतो. तो गेला तर तिचा तोल जातो. घाई करू नका, प्रत्येक पोराला ही गाठ स्वतः दिसू द्या. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता ज्वारीचा धांडा घ्या. कडब्यातला वाळलेला, तीन पेरांचा. ही तीन पेरं म्हणजे माशीच्या छातीचे तीन खंड. प्रत्येक पेराला बाभळीच्या काट्यांचे दोन पाय टोचा. मधल्या पेराला धांड्याच्याच सालीचे दोन पंख लावा. तिसऱ्या पेराला हॉल्टियर म्हणून दोन बारीक गाठी लावा आणि सुतळीनं एक चिठ्ठी बांधा: "इथे पंख नको, हॉल्टियर कर." ही चिठ्ठी म्हणजे अल्ट्राबायथोरॅक्स नावाचं जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन डीएनएवर बसतं आणि पंख घडवणारी जनुकं तिथे दाबून ठेवतं.

मग एका पोराला चिठ्ठी सोडायला सांगा. चिठ्ठी नाही, तर तिसरं पेर मधल्यासारखंच वागणार. गाठी काढून तिथेही पंख लावा. चौपंखी माशी झाली. खरी चौपंखी माशी अशीच जन्मते. जनुकशास्त्रज्ञ कॅल्विन ब्रिजेस यांना या चिठ्ठीचं काम बिघडवणारं बायथोरॅक्स हे म्युटेशन, म्हणजे जनुकीय माहितीतला बदल, १९१५ मध्ये सापडलं. पुढे जनुकशास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी अशी म्युटेशनं एकत्र आणून पूर्ण चार पंखांची माशी वाढवली. या कामासाठी १९९५ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

"म्युटेशननं नवा अवयव उगवला" असं मात्र कधी सांगू नका. मी दोन वर्षं तसंच सांगत होते आणि ते चूक होतं. पंख करायची कला त्या खंडात आधीपासूनच होती. हरवलं ते फक्त "तू तिसरा आहेस" हे सांगणारं जनुक.

उलटी चूकही दाखवा. धांड्याचं पुढचं टोक डोकं समजा, "पाय कर" अशी चिठ्ठी त्यावर बांधा आणि मिशांच्या जागी काटे टोचा. अँटेनापीडिया हे छातीत चालणारं जनुक चुकून डोक्यात चालू झालं की माशीच्या शृंगिकांच्या, म्हणजे मिशांच्या, जागी खरोखर पाय येतात. पहिल्या प्रकारात चिठ्ठी हरवली, दुसऱ्यात नको तिथे लागली. शरीराच्या कुठल्या भागानं काय व्हायचं हे सांगणाऱ्या या जनुकांच्या घराण्याला हॉक्स म्हणतात; माणसातही याच घराण्यातली ३९ जनुकं आहेत, चार गटांत.

बांधावरच्या ढिगात चौपंखी चिलट शोधायला पोरं धावतील. सापडणार नाही हे आधीच सांगा. पकडलेली चिलटं संध्याकाळी सोडून द्या.

शेवटी एकच प्रश्न विचारा: चौपंखी माशीचे हॉल्टियर कुठे गेले? "मागच्या पंखाच्याही मागे असतील," असं पोरगं म्हणालं, तर धांडा पुन्हा त्याच्या हातात द्या. "थेच तं पंख झाले, मॅडम," असं म्हणालं, तर त्याला समजलं.