स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळताना स्वतः कसं टिकावं

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो, आपला आवाज चढतो आणि मग रात्री मनाला खात राहतं. घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणाऱ्यांना हे नवीन नाही. यात माया कमी पडलेली नसते, अंगातली ताकद संपलेली असते. म्हणून आधी स्वतःकडे बघा. झोप किती झाली, चिडचिड कधी झाली, हे आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. देखभालीचा भार मोजण्यासाठी संशोधक झरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावलीही वापरतात, तिच्याबद्दल विचारा.

दुसरं, वाद सोडा. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. ‘माझे पैसे चोरले’ असं ऐकल्यावर चोरी झालीच नाही हे पटवायला जाऊ नका. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, म्हणजे हिप्पोकॅम्पसला, लवकर इजा होते. तुमचा खुलासा विसरला जातो, पण रागावलेल्या आवाजाने आलेली बेचैनी मागे राहू शकते. ‘चला, मिळून शोधू’ म्हणा. स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणाले, तर ‘घरी कोण कोण असायचं?’ असं विचारा.

दिवस मावळताना अनेकांची अस्वस्थता वाढते. दिवे लवकर लावा, आंघोळीसारखी कटकटीची कामं सकाळीच उरका. गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर आजारच बळावला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवं औषधही कारण असतं. लगेच डॉक्टर गाठा.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या भावंडांना नेमकं काम आणि नेमका वार द्या. लांब राहणाऱ्याने बिलं भरावीत, औषधं मागवावीत.

यात सुखाचेही क्षण असतात, आणि तेही त्याच वहीत लिहायला हवेत. गाणी आणि हातांच्या सवयी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. मुलाचं नाव न आठवणारे वडील जुन्या गाण्याची पुढची ओळ अचूक उचलतात. कपड्यांच्या घड्या घालायला द्या. वाकड्या झाल्या तरी त्यांच्यादेखत मोडू नका.

आणि झोप पार उडाली, हात उगारावासा वाटला, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. देखभाल केंद्राचा विचार करण्यात काहीही गैर नाही. तिथे आंघोळ-औषधं दुसरे बघतात, तुम्हाला नुसतं शेजारी बसायला मिळतं.