समुपदेशनाची पहिली भेट: वहीपासून केसपेपरपर्यंत

‘जीव लागत नाही’, ‘छातीत धडधड होते’, ‘डोकं जड राहतं’. खान्देशात बाया मनाचं दुखणं बहुतेक वेळा असंच अंगावर घेऊन सांगतात. मग डोकेदुखीची गोळी मिळते, सलाईन लागतं आणि आठवड्याने पुन्हा तेच. हे २ आठवडे जवळजवळ रोज होत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन रमत नसेल, तर आणखी वाट पाहू नका.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. यांच्या कमतरतेनेही थकवा आणि उदासी येते. रिपोर्ट चांगले आले म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही; पुढचा दरवाजा मनाच्या डॉक्टरांचा आहे, एवढंच त्यातून कळतं.

भेटीआधी ८ दिवस एक वही ठेवा. रोज दोनच ओळी: ‘मंगळवार. पहाटे ३ ला जाग. भाकरी थापताना धडधड, १० मिनिटं. त्याआधी पैशावरून बोलणं झालं.’ समोर बसल्यावर रडू येतं, निम्मं सांगायचं राहून जातं. तेव्हा वही पुढे करायची. पाळीच्या तारखाही लिहा. त्रास दर महिन्याला पाळीआधीच वाढत असेल तर उपचाराची दिशा बदलते. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

जायचं कुठे? जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे सकाळी लवकर केसपेपर काढून मनोविकार विभाग विचारा. मनोविकारतज्ज्ञ औषध देतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. कित्येकींना दोन्ही लागतात. कापूस वेचणीत मजुरी बुडवून जाणं जमत नसेल तर १४४१६ लावा. टेलि-मानस ही केंद्राची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून २४ तास चालू आहे, मराठीत बोलता येतं.

समुपदेशनाची बैठक साधारण ४५ मिनिटांची असते. सोबत सासू किंवा नवरा आला असेल तर स्पष्ट सांगा, ‘मला एकटीला बोलायचं आहे.’ इथेच सगळ्यात जास्त बिघडतं: घरचे शेजारी बसतात, बाई ‘काही नाही, बरं आहे’ म्हणते आणि पेपरावर तेवढंच उतरतं. माहिती गुप्त ठेवली जाणं हा मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार तुमचा हक्क आहे. मारहाण होत असेल तर तेही सांगा. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन वेगळी आहे. अहिराणीत मन मोकळं होत असेल तर अहिराणीतच बोला.

दोन बैठकांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. जुनं दुखणं उकरल्यावर सुरुवातीला जास्त रडूही येतं. नैराश्यावर ठरवून घेतलेल्या उपचाराला बहुधा ८ ते १६ बैठका लागतात. गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे जातात. बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालतात. स्वतःच्या मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता येते आणि आजार उलटू शकतो.

बाळंतिणीच्या बाबतीत ‘सव्वा महिना होऊ दे, मग बघू’ हे फार महागात पडतं. पहिल्या आठवड्यात रडू येणं बऱ्याच जणींना होतं, ते २ आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर दाखवाच. दूध पाजताना चालतील अशी औषधं आहेत, फक्त डॉक्टरांना आधी सांगा. झोपच उडाली, भास होऊ लागले, बाळाबद्दल भलतं बोलणं सुरू झालं, किंवा जीव द्यावासा वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, बाईला आणि बाळाला एकटं ठेवू नका. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, मुक्काम लांबतो आणि गोळ्या सासरीच राहतात. निघण्याआधी तेवढ्या दिवसांच्या मागून घ्या, आणि मधली बैठक फोनवर होईल का, तेही समुपदेशकाला विचारून ठेवा.