गुरुवारचे कॉलम आपोआप रंगवले

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत टँकरचा हिशोब गूगल शीटमध्ये असतो. पहिल्या ओळीत महिन्याच्या तारखा आडव्या, खाली एकेक इमारत. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद म्हणजे बहुतेकदा गुरुवार, म्हणून ते कॉलम हाताने पिवळे केलेले होते. नव्या महिन्यात शीट कॉपी केली की तारखा बदलायच्या, पिवळा रंग मात्र जुन्याच जागी!

उपाय असा केला. तारखांच्या पहिल्या सेलपासून, म्हणजे सी1 पासून एजी40 पर्यंत सगळा भाग निवडला. फॉरमॅट मेन्यूत कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की सेल आपोआप रंगवणारी सोय), तिथे सगळ्यात खालचा 'कस्टम फॉर्म्युला' आणि त्यात:

=वीकडे(सी$1)=5

(टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं.) वीकडे हे फंक्शन तारखेचा वार आकड्यात सांगतं: रविवार 1 धरला की गुरुवार 5. सगळी गंमत त्या डॉलरची आहे. तो 1 च्या आधी असल्यामुळे खालचा प्रत्येक सेल आपल्याच कॉलमची पहिली ओळ बघतो. डॉलर सी च्या आधीही लावलात तर सगळे सेल फक्त सी1 बघतात; मग एकतर अख्खा तक्ता पिवळा, नाहीतर काहीच नाही.

तरी दोन कॉलम कोरेच राहिले. तिथल्या तारखा कुणीतरी मजकूर म्हणून टाकल्या होत्या, आणि कंडिशनल फॉरमॅटिंग चूक दाखवत नाही, नुसतं गप्प बसतं. त्या तारखा पुन्हा टाइप केल्यावर रंग आला.

एक्सेलमध्येही हाच फॉर्म्युला चालतो. फक्त होम टॅबवरून न्यू रूलमध्ये जावं लागतं.